ऱ्हाइनच्या पैलतीरावरचे बॉयेल

बॉन ह्या जर्मन शहराचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १८९३ साली लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हेर्मान याकोबी ह्या जर्मन पंडिताने नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदकालाविषयी जवळजवळ तसाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. हे याकोबी बॉनच्या विद्यापीठात संस्कृतचे अध्यापक होते. त्यांच्याही आधी, १८२३ साली, ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल ह्यांनी ह्याच बॉनमध्ये देवनागरी खिळे वापरून भगवद्गीता छापली व तिला लॅटिन भाषांतर जोडले. पुढे १९४९ साली बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी झाले, आणि १९९९ पर्यंत त्या देशाची संसद तेथे भरत असे. पंडित, मंत्री, राजदूत असा ह्या शहराचा लौकिक आहे. बेथोव्हेनचा जन्मही येथलाच.

परंतु हा सगळा लौकिक ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरचा. त्या तीरावर उभे राहून समोर पाहिले की सुमारे चारशे मीटर रुंदीच्या पात्रापलीकडे दुसरी वस्ती दिसते. तिचे नाव बॉयेल. आज ती बॉन शहराचाच एक विभाग आहे आणि पासष्ट हजारांहून अधिक लोक तेथे राहतात. ह्या वस्तीचा मोठा इतिहास विद्वानांनी वा मंत्र्यांनी घडविलेला नाही. कोळी, नावाडी, शेतकरी, खाणकामगार, गिरणीतल्या मजूरस्त्रिया आणि विशेषेकरून कपडे धुणाऱ्या बायका ह्यांनी तो घडविला. एखाद्या वस्तीला ‘आपलेपण’ कशाने येते, आणि तिची नगरपालिका नाहीशी झाली तरी ते कशाच्या बळावर टिकते, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास बॉयेलइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पलीकडचे लोक

नदी दोन काठांना जोडते तशी तोडतेही. रोमन साम्राज्याच्या काळी ऱ्हाइन ही ह्या प्रदेशात साम्राज्याची सीमा होती. बॉनला रोमन सैन्याची मोठी छावणी होती; पलीकडचा काठ साम्राज्याबाहेरचा. १७९४ साली फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने डावा तीर घेतला, तेव्हा तो १८१४ पर्यंत फ्रेंचांकडे राहिला आणि नदी पुन्हा एकदा दोन राज्यांमधली सरहद्द झाली. १८१५ नंतर दोन्ही तीर प्रशियाच्या अमलाखाली आले. पण मनातली सरहद्द इतक्या लवकर पुसली जात नाही.

कोलोन आणि बॉन ह्या डाव्या तीरावरच्या शहरांतले लोक उजव्या तीराला त्यांच्या बोलीत ‘शेल झिक’ म्हणतात. ‘शेल’ म्हणजे तिरळा वा वाकडा, आणि ‘झिक’ म्हणजे बाजू. ह्या नावाची एक लोककथा सांगितली जाते. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढण्यासाठी काठावरून घोडे चालत. पाण्यावरच्या उन्हाच्या तिरीपेने त्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून नदीकडच्या डोळ्यावर झापड बांधीत. मग पलीकडचा तीर घोड्याला दिसेच ना! कथा खरी असो वा नसो, तिच्यातला भाव स्पष्ट आहे. पलीकडे पाहण्यासारखे काही नाही, असे अलीकडच्यांना वाटे. बॉयेलकरांनी ह्यावर आपले उत्तर शोधून काढले आहे. ते आपल्या वस्तीला बॉनची ‘उन्हाची बाजू’ म्हणतात.

जमिनीखाली आणि जमिनीवर

पाहण्यासारखे काही नाही म्हणावे, तर आजच्या बॉयेल विभागात मोडणाऱ्या ओबरकासेल गावी १९१४ साली एक विलक्षण गोष्ट घडली. काळ्या पाषाणाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना दोन मानवी सांगाडे सापडले. एक पुरुषाचा, एक स्त्रीचा. त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचेही अवशेष होते. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे, आणि माणसाबरोबर पुरलेल्या पाळीव कुत्र्याचा हा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. म्हणजे शेती सुरू होण्यापूर्वीच ह्या काठावर माणूस आणि कुत्रा एकमेकांचे सोबती झाले होते.

ऐतिहासिक काळात येथे लहान लहान खेडी होती. त्यांतल्या फिलिश गावी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका सरदार दांपत्याने लढाईत पडलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ जोगिणींचा मठ स्थापला आणि आपली कन्या आडेलहाइड हिला त्याची प्रमुख केले. तिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की एका मोठ्या अवर्षणात लोक पाण्यासाठी व्याकूळ झाले असता तिने आपली काठी जमिनीत रोवली आणि तेथे झरा फुटला. त्या जागेला ‘पुट्सशेन’, म्हणजे लहानशी विहीर, असे नाव पडले. डोळ्यांच्या विकारांवर ते पाणी गुणकारी, अशी श्रद्धा पसरली. यात्रेकरू येऊ लागले. यात्रेकरूंच्या मागोमाग व्यापारी आले. आणि यात्रेचा बाजार झाला. ह्या बाजाराची परंपरा १३६७ सालापासूनची सांगतात. आजही दरवर्षी सप्टेंबरात पाच दिवस तेथे प्रचंड जत्रा भरते. पाळणे, खाद्यपदार्थ, खेळणी, बिअर ह्यांची तेथे रेलचेल असते. विहिरीवरून यात्रा आणि यात्रेवरून जत्रा, हा क्रम आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

नदीच्या अगदी काठाशी श्वार्ट्सराइनडॉर्फ हे गाव आहे. ‘श्वार्ट्स’ म्हणजे काळे. येथल्या जोगिणींच्या काळ्या वस्त्रांवरून ते नाव आले. समोरच्या तीरावरच्या राइनडॉर्फात करड्या वस्त्रांच्या जोगिणी राहत, म्हणून ते ‘करडे राइनडॉर्फ’. ह्या काळ्या राइनडॉर्फातले चर्च दुमजली आहे. आर्नोल्ड फॉन वीड ह्या धर्माधिकाऱ्याने ते बांधविले. ११५१ साली राजा तिसरा कॉनराड ह्याच्या उपस्थितीत त्याची प्रतिष्ठापना झाली. दोन मजल्यांच्या मधोमध अष्टकोनी पोकळी ठेवलेली आहे. खालची उपासना वर बसलेल्यांना तीतून पाहता व ऐकता येई. खालच्या मजल्यावर यहेज्केल ह्या यहुदी प्रेषिताच्या दृष्टान्तांची भित्तिचित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, तेव्हा ह्या सुंदर वास्तूचे कोठार व गोठा झाला होता. पुढे लोकांना तिचे मोल कळले आणि ती पुन्हा उपासनेसाठी खुली झाली.

पाण्यावर पोट

राजे आले आणि गेले. रोजचे पोट मात्र नदीवर चाले. सतराव्या शतकापासून बॉन आणि बॉयेल ह्यांच्यामध्ये एक चमत्कारिक तर होती. तिला वल्हे नाही, शीड नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पात्राच्या मध्यावर नांगर टाकून त्याला एक लांब दोर बांधलेला असे आणि त्या दोराच्या टोकाला तर. सुकाणू वळवून नावेची बाजू प्रवाहाला तिरकी धरली, की पाण्याचा रेटाच तिला लंबकासारखा ह्या काठावरून त्या काठावर नेई. ‘उडता पूल’ असे तिचे नाव होते. १८९८ साली पक्का पूल होईपर्यंत दोन्ही तीरांची ये-जा मुख्यतः ह्या तरीवरच अवलंबून होती.

नदी देते तशी घेतेही. १७८४ च्या फेब्रुवारीत, अतिशय कडक हिवाळ्यानंतर, गोठलेले पात्र फुटले आणि बर्फाचे प्रचंड तुकडे घेऊन महापूर आला. ऱ्हाइनकाठच्या कितीतरी वस्त्यांची त्यात वाताहत झाली. बॉयेललाही त्याचा जबर तडाखा बसला. आमच्या काळात १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९५ च्या जानेवारीत असेच मोठे पूर आले. नदीकाठी राहणाऱ्याला हा कर भरावाच लागतो.

आता मुख्य धंद्याकडे येऊ. बॉयेल हे धुणे धुणाऱ्यांचे गाव होते. नदीचे पाणी हाताशी, काठाने कपडे वाळत घालण्यास विस्तीर्ण कुरणे, आणि समोर बॉन व सुमारे पंचवीस किलोमीटरवर कोलोन अशी श्रीमंत गिऱ्हाइके. ह्या तीन गोष्टींच्या संयोगाने हा धंदा येथे वाढला. आपल्याकडच्या परटांशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. ही जात नव्हती. तो घराघरातला व्यवसाय होता. घरची बाई त्याची खरी चालक, तिच्या हाताखाली मुली आणि मोलाने ठेवलेल्या बायका.

काम कसे चाले? मळके कपडे प्रथम भिजत घालायचे. मग राखेच्या खारात किंवा सोड्यात भट्टी द्यायची. मग चोळणे, आपटणे आणि नदीच्या वाहत्या पाण्यात खळबळून काढणे. ऱ्हाइनचे पाणी आल्प्सच्या बर्फाचे. थंडीच्या दिवसांत त्यात हात घालून तासन् तास ओणवे राहावयाचे म्हणजे काय, ह्याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर ओले तागे कुरणावर पसरावयाचे आणि ऊन लागत असताना त्यांवर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडावयाचे. ऊन, ओल आणि गवत ह्यांच्या योगाने तागी कापड पांढरेशुभ्र होते. रासायनिक द्रव्ये येण्यापूर्वी सगळ्या युरोपात हीच रीत होती. शेवटी नीळ, खळ आणि इस्त्री. घडी घातलेले कपडे टोपल्यांत भरून घरचे पुरुष होडीने किंवा घोडागाडीने कोलोनला पोचवावयास जात.

१८२४ चे बंड

येथेच आपल्या कथेतला मुख्य प्रसंग येतो. १८२३ साली, म्हणजे ज्या वर्षी बॉनला गीता छापली गेली त्याच वर्षी, कोलोनमध्ये कार्निव्हल ह्या जुन्या उत्सवाची नव्याने घडी बसविण्यात आली. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासपर्वापूर्वी खाणे-पिणे, सोंगे आणि थट्टामस्करी ह्यांचा हा सण. आपल्या शिमग्याची आठवण करून देणारा, पण मिरवणुकांनी आणि समित्यांनी शिस्तीत आणलेला. ह्या समित्यांवर आणि त्यांच्या बैठकींत सगळे पुरुषच असत.

बॉयेलचे नवरे धुतलेले कपडे घेऊन कोलोनला जात, पैसे वसूल करीत आणि तेथल्या उत्सवात रमत. घरी बायका मात्र पुढच्या खेपेचे धुणे आपटीत बसलेल्या. श्रम ज्यांचे त्यांना सण नाही, हा व्यवहार बायकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. १८२४ साली बॉयेलच्या धोबिणींनी आपली स्वतःची समिती स्थापन केली. उपवासपर्व बुधवारी सुरू होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी काम बंद ठेवावयाचे, एकत्र जमावयाचे, आणि नवऱ्यांचे प्रताप एकमेकींना मोकळेपणाने सांगावयाचे, असा शिरस्ता त्यांनी पाडला. ‘जुनी महिला समिती, १८२४’ ह्या नावाने ती संस्था आजही चालू आहे.

ह्या गोष्टीचे महत्त्व नीट मापले पाहिजे. कार्निव्हलच्या गुरुवारी बायकांनी थोडी मोकळीक घेण्याची चाल ऱ्हाइनच्या प्रदेशात त्यापूर्वीही होती. ती काही बॉयेलने शोधून काढली नाही. परंतु मोकळीक घेणे निराळे आणि संस्था उभारणे निराळे. समिती म्हटली की सभासद आले, वर्गणी आली, प्रमुख आली, आणि ह्या वर्षीचे पुढच्या वर्षी चालविण्याची जबाबदारी आली. जर्मनीत स्त्रियांनी मतदानाचा हक्क प्रथम बजावला तो १९१९ च्या जानेवारीत. त्याआधी पंचाण्णव वर्षे ह्या अल्पशिक्षित कष्टकरी बायका आपली सभा आपण चालवीत होत्या.

कोणी म्हणेल, वर्षातला एक दिवस उलटे राज्य करून उरलेले दिवस पूर्वीप्रमाणेच राबावयाचे, ह्यात बंड ते कसले? आक्षेपात तथ्य आहे. वाफ कोंडू नये म्हणून भांड्याला ठेवलेले भोक, अशीही अशा सणांची संभावना करता येते. ह्या समितीने कायदा बदलला नाही, मजुरी वाढविली नाही. तरी एक गोष्ट ह्या एका दिवसाने साधली. घराच्या चार भिंतींत जी कुरकुर होती, तिला चारचौघांत बोलण्याची जागा मिळाली. आणि आपले दुःख आपल्या एकटीचे नाही, हे प्रत्येकीला कळले. संघटनेची पहिली पायरी हीच असते.

पुढे ह्या दिवसाला नाट्य चढले. १९५७ पासून बॉयेलच्या बायका त्या गुरुवारी नगरभवनावर चाल करून जातात. आतले अधिकारी लुटुपुटीचा प्रतिकार करतात, शेवटी शरण येतात आणि इमारत बायकांच्या ताब्यात जाते. त्याच सुमारास दरवर्षी एक ‘धोबीण राजकन्या’ निवडण्याची प्रथा पडली. इतर गावांच्या कार्निव्हलमध्ये राजपुत्र असतो. बॉयेलचा मान धोबिणीकडे. आज त्या दिवशी साऱ्या ऱ्हाइन प्रदेशात बायका कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा गळपट्टा कापतात. जाणते पुरुष त्या दिवशी जुनाच गळपट्टा बांधून घराबाहेर पडतात, हे सांगावयास नकोच.

ताग, सिमेंट आणि पूल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैलतीरावर धुराडी उभी राहिली. ओबरकासेलला १८५६ साली सिमेंटचा कारखाना स्थापन झाला. बॉयेलला १८६८ मध्ये तागाची गिरणी निघाली. ताग म्हटले की आपल्याला बंगाल आठवतो, आणि ते बरोबरच आहे. कारण त्या काळी जगाला लागणारा कच्चा ताग बंगालच्या शेतांतूनच जाई. गंगेच्या मुखाशी कुजवून सोललेल्या धाग्याची पोती ऱ्हाइनच्या काठी विणली जात होती. बॉनमधल्या पंडितांना भारत संस्कृत पोथ्यांतून कळला. बॉयेलच्या मजूरस्त्रियांचा भारताशी संबंध आला तो गिरणीतल्या तागाच्या धुळीतून. डाव्या आणि उजव्या तीराचा भेद ह्याहून स्पष्ट कोणता दाखवावा?

१८९८ च्या डिसेंबरात दोन्ही तीरांना जोडणारा लोखंडी कमानीचा पूल खुला झाला. त्याच्या मधल्या कमानीचा गाळा १८८ मीटरांचा होता, आणि त्या काळी त्याची गणना जगातल्या मोठ्या कमानींत होई. ह्या पुलाच्या खर्चात बॉयेलने वाटा उचलावा, अशी बॉनची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा बॉनकरांनी पुलावर एका दगडी माणसाची आकृती बसविली आणि त्याचा उघडा पार्श्वभाग बॉयेलकडे केला. नगरपालिकांमधले तंटे आपण पुष्कळ पाहिले आहेत, पण ठराव मंजूर करण्याऐवजी असा पुतळा बसविल्याचे उदाहरण विरळाच. विशेष म्हणजे हा माणूस दोन्ही तीरांवर लोकप्रिय झाला, आणि पुढे झालेल्या नव्या पुलावरही त्याला जागा मिळाली.

काळे दिवस

समाजजीवनाचे वर्णन करताना केवळ सणांचे वर्णन करून थांबता येत नाही. बॉयेलमध्ये यहुदी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत होती. श्वार्ट्सराइनडॉर्फला नदीच्या काठी त्यांची जुनी दफनभूमी आहे. तिचा आरंभ सतराव्या शतकातला. गावात त्यांचे प्रार्थनामंदिरही होते. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी देशभर जी जाळपोळ केली तीत ते नष्ट झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथले यहुदी परागंदा झाले किंवा मारले गेले. एकमेकांचे कपडे धुणारे, एकाच तरीतून नदी पार करणारे शेजारी असताना हे घडले. शेजारपण आपोआप माणसाचे रक्षण करीत नाही, हा धडा ह्या वस्तीच्या इतिहासातही आहे, आणि तो वगळून तिचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९४५ च्या मार्च महिन्यात अमेरिकन सैन्य ऱ्हाइनपर्यंत आले. ८ मार्चला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बॉनचा पूल उडवून दिला. बॉन दुसऱ्याच दिवशी अमेरिकनांच्या हाती गेले, पण बॉयेल पडावयास आणखी जवळजवळ दोन आठवडे लागले. तेवढे दिवस नदी ही पुन्हा सरहद्द, तीही तोफांची. नवा पूल १९४९ च्या नोव्हेंबरात तयार झाला. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झाल्यावर त्यांचे नाव त्याला देण्यात आले.

नगरपालिका गेली, गाव राहिले

राजधानी जवळ आल्याने पैलतीराची वस्ती झपाट्याने वाढली. १९५२ साली बॉयेलला शहराचा दर्जा मिळाला. पण हे सुख सतराच वर्षांचे ठरले. १ ऑगस्ट १९६९ रोजी राज्याच्या कायद्याने बॉयेल, बाड गोडेसबेर्ग इत्यादी शेजारच्या वस्त्या बॉनमध्ये विलीन झाल्या, आणि बॉनची लोकसंख्या एकदम दुपटीच्या घरात गेली. वाहतूक, पाणीपुरवठा, इमारतींच्या योजना ह्या दृष्टीने मोठ्या शहराचे फायदे उघड आहेत. प्रश्न असा होता की ह्या मोठेपणात लहानाचे काय व्हावे?

कायद्याने थोडी सोय केली. बॉयेल विभागाची स्वतःची निर्वाचित विभाग-सभा आहे आणि तिला अध्यक्ष आहे. स्थानिक रस्ते, शाळा, उद्याने ह्यांसारख्या बाबतींत तिचा शब्द चालतो. पण खरी सोय लोकांनीच करून ठेवली होती. नगरभवनातली सत्ता पूल ओलांडून गेली, तरी बायकांची त्या इमारतीवरची चाल थांबली नाही. पुट्सशेनची जत्रा थांबली नाही. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी मुले कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात, तेही थांबले नाही. इतिहास-मंडळाने व गावाच्या संग्रहालयाने धोबिणींच्या वस्तू आणि आठवणी जतन करून ठेवल्या. घरोघरी धुलाईयंत्रे आली, नदीकाठचा धंदा संपला. पण त्या धंद्याने दिलेला अभिमान संपला नाही.

जुन्या वास्तूंचेही तसेच. तागाच्या गिरणीत आज नाटके होतात. ओबरकासेलचा सिमेंट कारखाना १९८० नंतरच्या दशकात बंद पडला आणि त्याच्या जागेवर आता कचेऱ्या आणि हॉटेल आहे. अशा बदलांत जागांचे भाव चढतात आणि ज्यांच्या आजी-पणजींनी तो काठ घडविला त्यांनाच तेथे राहणे जड जाते, ही चिंता आज ऱ्हाइनकाठच्या सगळ्याच शहरांना आहे. धोबिणीला राजकन्येचा मुकुट घालणे सोपे. आजच्या कष्टकऱ्याला नदीकाठी घर मिळवून देणे तितके सोपे नाही. परंपरेची कसोटी पुढच्या काळात येथेच लागणार आहे.

बॉयेलच्या इतिहासातून निघते ते एवढेच. वस्तीचे एकपण हद्दीच्या दगडांनी किंवा पालिकेच्या शिक्क्यांनी निर्माण होत नाही, आणि म्हणून ते काढून घेतल्याने नष्टही होत नाही. बरोबर केलेल्या श्रमातून आणि त्या श्रमाची लाज न बाळगता त्याचा उघडपणे केलेल्या उत्सवातून ते निर्माण होते. ज्या हातांना पलीकडचे लोक धोबिणीचे हात म्हणून हिणवू शकले असते, त्याच हातांत बॉयेलने आपल्या नगरभवनाच्या किल्ल्या दिल्या, आणि दरवर्षी एक दिवस का होईना, त्या अजूनही देत आहे. आपल्या शहरांतही नद्यांचे घाट आहेत, पेठा आहेत, आणि हद्दवाढीत सामील झालेली गावे आहेत. त्यांचे काम कोणी केले, आणि त्या कामाची आठवण आपण कोठे ठेवली आहे, एवढा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारून पाहण्याजोगा आहे.